निरंक नोंदीचे मोल : नवे तारे आणि लहरी धूमकेतू

आकाशातील तारे कायमचे आणि पृथ्वीवरचे सारे तात्पुरते, ही समजूत फार जुनी आहे. ध्रुवाची गोष्ट सांगताना ‘अढळपद’ हा शब्द आपण अगदी सहज वापरतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानेही चंद्राच्या पलीकडील जगात काही नवे उपजत नाही आणि काही नष्टही होत नाही असे शिकविले होते, व युरोपातील विद्यापीठांत ते शेकडो वर्षे प्रमाण मानले गेले. मग आकाशात एखादे शेंडेनक्षत्र उगवले तर त्याचे काय? तो चंद्राच्या अलीकडचा, हवेतला प्रकार आहे, असे सांगून विद्वान मोकळे होत. आणि सामान्य माणूस राजा मरणार की दुष्काळ पडणार याची चिंता करीत बसे.

१५७२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात शर्मिष्ठा या तारकासमूहात एक नवा तारा दिसू लागला. तो शुक्राइतका तेजस्वी होता व भर दिवसाही दिसे. डेन्मार्कमधील टायको ब्राहे या तरुणाने तो पाहिला. दुर्बिणीचा शोध त्या वेळी लागावयाचा होता. टायकोने केले ते एवढेच की, तो वेळोवेळी त्या ताऱ्याची आजूबाजूच्या ताऱ्यांशी व ग्रहांशी तुलना करून लिहून ठेवू लागला. आधी शुक्राएवढा, मग गुरूएवढा, मग पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांएवढा, असे उतरत उतरत १५७४ च्या मार्चमध्ये तो दिसेनासा झाला. या सर्व काळात त्याची जागा तसूभरही हलली नाही. चंद्राच्या अलीकडची वस्तू असती तर ती हललेली दिसली असती. पुढे १५७७ साली मोठा धूमकेतू आला तेव्हा त्याने पुन्हा तसाच हिशेब मांडला आणि धूमकेतूसुद्धा चंद्रापेक्षा पुष्कळ दूर असल्याचे दाखवून दिले. ‘आकाश बदलत नाही’ हे जुने सूत्र अशा रीतीने नुसत्या डोळ्यांनी आणि वहीने मोडीत निघाले.

नव्या ताऱ्यांचे आणि धूमकेतूंचे तेज कसे मोजतात, ते मोजून काय हाती लागते, आणि ‘आज काही दिसले नाही’ ही नोंदसुद्धा कशी लाखमोलाची ठरू शकते, हे या लेखात सांगावे असा आमचा विचार आहे. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेत चिकटलेलो आणि दिवसभर आकडे जुळविणारे. पण या विषयात हिशेबनिसाची नजर थोडीफार कामाला येते असा अनुभव आहे.

तेजाची प्रत

ताऱ्यांचे तेज ‘प्रती’त सांगतात. ही पद्धत ग्रीकांपासून चालत आली. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, त्याहून मंद ते दुसऱ्या प्रतीचे, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. म्हणजे आकडा जितका मोठा तितका तारा मंद. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. परीक्षेतील पहिला वर्ग, दुसरा वर्ग हे आठवले म्हणजे तो होणार नाही.

या जुन्या पद्धतीला नेमके गणित दिले ते नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, १८५६ साली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, असे त्याने ठरविले. त्यामुळे एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट. दहा प्रतींचा फरक म्हणजे दहा हजार पट आणि पंधरा प्रतींचा म्हणजे दहा लाख पट. पॉग्सन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख म्हणून आला आणि १८९१ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. साऱ्या जगाने स्वीकारलेले हे माप ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्याची तीस वर्षे आपल्या देशात गेली. त्याच वेधशाळेतील सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली एक नवा रूपविकारी तारा, म्हणजे तेज बदलणारा तारा, शोधून काढला होता.

प्रत्यक्षात तेज ठरवितात कसे? अगदी बाजारात आंब्याचा भाव ठरवितो तसे, शेजारी काय आहे ते पाहून. ज्या ताऱ्याची नोंद घ्यावयाची त्याच्या जवळचे दोन तारे निवडावयाचे, एक त्याच्याहून ठळक व एक मंद, ज्यांच्या प्रती आधीच नक्की ठाऊक आहेत असे. समजा एक ५.२ प्रतीचा आहे व दुसरा ५.८ प्रतीचा. आपला तारा या दोहोंच्या बरोबर मधोमध वाटला तर ५.५ लिहावयाचे, ठळक ताऱ्याकडे झुकता वाटला तर ५.३ किंवा ५.४. सरावलेला डोळा अशा रीतीने दशांश प्रतीपर्यंत जाऊ शकतो. नकाशावर हे आकडे दशांशचिन्हाशिवाय छापतात, कारण तो टिंब म्हणजे आणखी एक तारा, असा घोटाळा होऊ शकतो!

हा सराव गच्चीवरून कोणालाही करता येईल. हिवाळ्यात मृग नक्षत्रातील तांबूस तारा काक्षी पाहावा. त्याची तुलना प्रश्वा (०.४), रोहिणी (सुमारे ०.९) आणि मृगाच्याच दुसऱ्या खांद्यावरील तारा (१.६) यांच्याशी करावी. काक्षी एरवी प्रश्वाच्या आसपास असतो. २०१९ च्या अखेरीस तो उतरू लागला आणि २०२० च्या फेब्रुवारीत १.६ वर जाऊन दुसऱ्या खांद्याच्या ताऱ्याएवढा झाला. आता हा तारा फुटणार, अशी वृत्तपत्रांतून हाकाटी झाली. पुढे मोठ्या दुर्बिणींनी पाहता असे दिसले की, ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली व ती आपल्या आड आली होती. काही महिन्यांत काक्षी पूर्वपदावर आला. तो कधी तरी फुटणार हे खरे, पण खगोलशास्त्रात ‘कधी तरी’ म्हणजे लाख वर्षेही असू शकतात.

तारा फुटतो म्हणजे काय

टायकोने पाहिलेला तारा नवा नव्हताच. तो मरता मरता प्रकटला होता. अशा ताऱ्याला सुपरनोव्हा किंवा अतिनवतारा म्हणतात. हा शब्द १९३४ साली वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी या दोघांनी रूढ केला. साधा नवतारा म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा भडका. तारा त्यातून शिल्लक राहतो. अतिनवताऱ्यात मात्र मूळ ताऱ्याचा निकाल लागतो.

याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. सूर्याच्या आठ-दहा पट किंवा अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यातील इंधन संपले की त्याचा लोखंडाचा गाभा स्वतःच्या भाराने क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचा भाग उधळला जातो. दुसऱ्या प्रकारात श्वेत बटू नावाचा लहान, घट्ट तारा जोडीदाराकडून पदार्थ ओढून घेतो आणि सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या आसपास आला की संपूर्ण पेट घेतो. ही १.४ ची मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी काढली. १९३० साली इंग्लंडला शिकावयास जाताना, एकोणीस वर्षांचे असताना, बोटीवर त्यांनी या गणिताला हात घातला होता; नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ साली. दुसऱ्या प्रकारचे स्फोट जवळपास सारख्या तेजाचे असतात, म्हणून त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजतात. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत आहे हे १९९८ साली त्यांच्यावरूनच समजले.

आपल्या आकाशगंगेत असा तारा नुसत्या डोळ्यांनी निर्विवादपणे दिसला तो शेवटचा १६०४ साली, केपलरच्या काळात. त्यापूर्वी १०५४ साली चिनी निरीक्षकांनी वृषभेत ‘पाहुणा तारा’ नोंदविला होता. तो तेवीस दिवस भर उन्हात दिसत होता. त्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून दुर्बिणीतून दिसतात. म्हणजे १६०४ नंतर दुर्बीण आली, छायाचित्रण आले, वर्णपट घेण्याची विद्या आली, आणि हे सर्व साहित्य मांडून खगोलशास्त्रज्ञ पाहुण्याची वाट पाहत बसले. पाहुणा आला १९८७ साली. तोही आपल्या घरात नाही, शेजाऱ्याकडे.

२३ फेब्रुवारी १९८७

दक्षिण गोलार्धाच्या आकाशात मोठा मॅगेलन मेघ नावाची एक छोटी दीर्घिका दिसते. ती सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर आहे. महाराष्ट्रातून ती क्षितिजाला अगदी टेकलेली राहते, त्यामुळे आपल्याला तिचा उपयोग नाही. २४ फेब्रुवारीच्या पहाटे चिली देशातील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन याने या मेघाची छायाचित्रपट्टिका धुतली, तर तिच्यावर एक मोठा ठिपका. पट्टिकेवर डाग पडला असावा असे वाटून तो बाहेर आला आणि त्याने मान वर करून पाहिले. तारा तेथे होता. तेथीलच एक कर्मचारी ऑस्कर दुहाल्दे याने तो काही तासांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता, पण कामाच्या गडबडीत तो कोणाला बोलला नव्हता. न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट जोन्स या हौशी निरीक्षकालाही तो स्वतंत्रपणे सापडला. वर्षातील पहिला म्हणून त्याचे नाव १९८७ए. आपल्या तामिळनाडूतील कवलूरच्या वेधशाळेनेही पुढे त्याचे वर्णपट घेतले.

आता हिशेबाचा भाग येतो. तारा कोसळतो त्या क्षणी न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण अगणित संख्येने बाहेर पडतात आणि ताऱ्याच्या पोटातून थेट निघून जातात. प्रकाशाचे तसे नाही. आतला धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचावा लागतो, तेव्हा कोठे तारा उजळतो. जपानमध्ये कामिओका येथील खाणीत, अमेरिकेतील एका मिठाच्या खाणीत आणि रशियातील बाक्सान येथे जमिनीखाली उपकरणे बसविलेली होती. २३ फेब्रुवारीला भारतीय वेळेप्रमाणे दुपारी एक वाजून पाच मिनिटांच्या सुमारास त्यांत मिळून सुमारे पंचवीस न्यूट्रिनो पकडले गेले. एवढ्या पंचवीस कणांनी तारा कोसळण्याचा सिद्धांत खरा ठरविला. जपानच्या मासातोशी कोशिबा यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हे काम होते.

परंतु तारा उजळला केव्हा? शेल्टनची पट्टिका तर कितीतरी तास नंतरची. येथे दोन नोंदी कामाला आल्या. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट याने त्याच दिवशी, आपल्या घड्याळाने दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे तिकडे रात्री, त्या भागाचे छायाचित्र घेऊन ठेवले होते. ते नंतर काढून पाहिले तर तारा त्यात सहाव्या प्रतीच्या आसपास स्पष्ट दिसत होता. आणि त्याच्याही सव्वा तास आधी, आपल्या घड्याळाने तीनला दहा मिनिटे कमी असताना, अल्बर्ट जोन्स आपल्या नित्याच्या रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी करीत त्याच भागात दुर्बीण रोखून बसला होता. त्याला तेथे काहीही दिसले नव्हते.

बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम केलेल्यांना ‘निरंक’ हा शब्द सांगावयास नको. महिन्याकाठी विवरणपत्र जावयाचे असते. सांगण्यासारखे काही नसले तरी रकान्यात ‘निरंक’ लिहून ते पाठवावेच लागते. नव्याने लागलेली मुले विचारतात, काही घडलेच नाही तर पाठवायचे कशाला? कारण कोरा रकाना आणि ‘निरंक’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोऱ्या रकान्याचा अर्थ कोणी पाहिलेच नाही. निरंकचा अर्थ आम्ही पाहिले, आणि नव्हते.

जोन्सची ही निरंक नोंद म्हणजे त्या स्फोटाच्या हिशेबातील हरवलेली चिठ्ठी होती. न्यूट्रिनो आल्यावर पावणेदोन तासांनी तारा अजून ठळक झालेला नव्हता. तीन तासांनी झाला होता. म्हणजे आतल्या धक्क्याला पृष्ठभाग गाठावयास तीन तासांहून कमी वेळ लागला. तोवरची पाठ्यपुस्तके म्हणत की, असे स्फोट फुगलेल्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचे होतात. पण तेवढ्या अवाढव्य ताऱ्यात धक्क्याला बाहेर यावयास दिवसभर तरी लागला असता. जुन्या पट्टिका चाळल्यावर असे आढळले की, त्या जागी पूर्वी जो तारा होता तो खरोखरीच निळा आणि त्या मानाने आटोपशीर होता. वेळेचा हिशेब आणि जुना फोटो एकमेकांशी जुळले. आम्ही ज्याला ‘कॅश टॅली झाली’ म्हणतो तसेच हे. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून या स्फोटाच्या मध्यभागी न्यूट्रॉन तारा शिल्लक असल्याचा पुरावा पुढे आला. म्हणजे ते खाते अजून बंद झालेले नाही.

जोन्स हा पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हता. घरच्या दुर्बिणीतून त्याने आयुष्यात पाच लाखांहून अधिक नोंदी केल्या आणि २०१३ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. १९४६ साली एका रूपविकारी ताऱ्याकडे दुर्बीण वळवीत असता त्याला एक धूमकेतू सापडला होता. दुसरा सापडला तो थेट २००० साली, चोपन्न वर्षांनंतर!

एक खजिन्यातला कारकून

असली चिकाटी परदेशातच असते असे कोणी समजू नये. बंगालमधील जेसोर येथे राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १८७८. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले आणि अखेर सरकारी खजिन्यात नाणी मोजण्या-पारखण्याच्या नोकरीला लागले. १९१० साली हॅलेचा धूमकेतू त्यांनी साध्या दुर्बिणीतून पाहिला व त्यांना नाद लागला. पगारातून आणि घरच्या थोड्या जमिनीतून पैसे उभे करून त्यांनी इंग्लंडहून तीन इंचांची दुर्बीण मागविली. ७ जून १९१८ च्या रात्री गरुड तारकासमूहात त्यांना एक अनोळखी ठळक तारा दिसला. तो त्या वर्षीचा प्रसिद्ध नवतारा होता.

रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी एक संस्था अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली आहे. तिचे बहुसंख्य निरीक्षक हौशी असतात आणि तिच्या दप्तरी आज कोट्यवधी नोंदी आहेत. राधागोविंदांनी तिला नोंदी पाठविण्यास सुरुवात केली. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. दिवसा खजिन्यात नाणी, रात्री छपरावर तारे. त्यांचे काम पाहून त्या संस्थेने १९२६ साली समुद्रापलीकडून त्यांना सहा इंचांची दुर्बीण धाडली. फाळणीनंतर त्यांना जेसोर सोडून कलकत्त्याजवळ बारासातला यावे लागले. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे गेली व अखेरीस कवलूरच्या वेधशाळेत पोहोचली. १९७५ साली ते वारले तेव्हा त्यांची परिस्थिती हलाखीचीच होती. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांचा धडा असावयास हवा होता असे आम्हांस वाटते.

आता यंत्रे आली. अमेरिकेत पालोमार पर्वतावरील दुर्बीण २०१८ पासून आपोआप आकाशाची छायाचित्रे घेते; आजच्या चित्रातून आधीचे वजा करून जे उरेल ते संगणक दाखवून देतो. चिलीमधील वेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २०२५ साली प्रसिद्ध झाली, तिचा झपाटा त्याहूनही मोठा. अतिनवतारे वर्षाला हजारोंनी सापडतात. ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट इव्हान्स या पाद्र्याने शेकडो दीर्घिकांची रूपे तोंडपाठ करून, नुसता डोळा दुर्बिणीला लावून, बेचाळीस अतिनवतारे शोधले होते. तो २०२२ साली गेला. तसा माणूस पुन्हा होणे कठीण. तरी हौशी मंडळींचे काम सरलेले नाही. २०१६ च्या सप्टेंबरात अर्जेंटिनामध्ये व्हिक्टर बुसो हा कुलुपांचे काम करणारा गृहस्थ नवा कॅमेरा तपासून पाहण्यासाठी एका दीर्घिकेची छायाचित्रे घेत होता. सुरुवातीच्या छायाचित्रांत काही नाही, थोड्या वेळाने घेतलेल्यांत बारीक ठिपका, आणि तो उजळतो आहे! तारा फुटल्याचा पहिला प्रकाश अशा रीतीने योगायोगाने टिपला गेला. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना सप्तर्षीच्या शेपटाजवळील एका दीर्घिकेत, सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर, अतिनवतारा सापडला. तो नेमका केव्हा उजळला हे ठरविताना जगभरच्या हौशी लोकांनी आदल्या रात्री घेतलेली, ज्यांत तारा नव्हता किंवा जेमतेम होता अशी छायाचित्रे शोधून काढण्यात आली. नवा तारा कळविण्याच्या आंतरराष्ट्रीय अर्जात तर ‘शेवटचे केव्हा दिसला नव्हता’ असा रकानाच आहे.

धूमकेतूंचा लहरीपणा

ताऱ्याचे तेज मोजणे सोपे म्हणावे इतका धूमकेतू त्रास देतो. तारा म्हणजे टिंब. धूमकेतू म्हणजे पसरलेला कापूस. टिंबाची आणि कापसाची तुलना करावयाची कशी? यावर युक्ती अशी की, दुर्बिणीची जुळणी मुद्दाम बिघडवून शेजारचे तारे धूमकेतूएवढे फुगवावयाचे आणि मग पाहावयाचे. शहरातील दिव्यांमुळे कापसाची कड हरवते व धूमकेतू आहे त्यापेक्षा मंद भासतो. एकाच रात्री दोन चांगल्या निरीक्षकांत अर्ध्या प्रतीचा फरक पडला तर त्यात कोणाचा दोष नसतो. म्हणूनच एकाच माणसाची दहा वर्षांची वही मोलाची. त्याचा डोळा तोच, दुर्बीण तीच, जागाही तीच.

दुसरी अडचण धूमकेतूच्या स्वभावाची. त्याचा गाभा म्हणजे काही किलोमीटरचा धूळमिश्रित बर्फाचा गोळा. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते, ती धूळ घेऊन बाहेर पडते, आणि तोच आपल्याला दिसणारा धूमकेतू. नुसत्या दगडाचे सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले तर त्यावर पडणारा प्रकाश चौपट होतो. धूमकेतूची वाफही वाढत असल्याने तो सोळा पट उजळेल असे सर्वसाधारणपणे गृहीत धरतात. गृहीत धरतात हे महत्त्वाचे. १९७३ साली सापडलेल्या कोहुटेक धूमकेतूबाबत ‘शतकातील धूमकेतू’ म्हणून गाजावाजा झाला आणि प्रत्यक्षात लोकांना तो धड सापडेना. त्याने हात पोळल्यामुळे १९७६ च्या वेस्ट धूमकेतूकडे वृत्तपत्रांनी दुर्लक्ष केले, तर तो देखणा निघाला. आयसॉनने नोव्हेंबर २०१३ मध्ये सूर्याला वळसा घेता घेता प्राण सोडले.

सर्वांत मोठी थट्टा केली ती होम्स धूमकेतूने. एडविन होम्स याला लंडनमध्ये ६ नोव्हेंबर १८९२ रोजी देवयानी तारकासमूहातील दीर्घिका पाहत असता तो सापडला. नंतर तो मंदावत गेला. दर सात वर्षांनी सूर्याजवळ येणारा हा एक किरकोळ धूमकेतू म्हणून त्याची गणना होऊ लागली. २००७ च्या ऑक्टोबरात तो सूर्यापासून दूर चालला होता, प्रत सतरा, म्हणजे मोठ्या दुर्बिणीवाचून न दिसणारा. २४ तारखेला तो अचानक उजळू लागला आणि दोन दिवसांच्या आत २.८ प्रतीवर आला. आपल्या पॉग्सनच्या मापाने हिशेब करा, जवळजवळ पाच लाख पट! कोजागरीच्या चांदण्यातही ययातीत तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. धुळीचा गोळा फुगत फुगत नोव्हेंबरात सूर्यापेक्षाही मोठ्या व्यासाचा झाला. गाभ्याच्या पोटातील बर्फाची घडण बदलून कोंडलेला वायू फुटला असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. सर्वांचे त्यावर एकमत नाही. १८९२ साली होम्सला सापडला तोही असाच भडकलेला असताना, हे त्या वेळच्या नोंदींवरून कळते. त्या नोंदी नसत्या तर २००७ चा प्रकार पहिलाच समजला गेला असता.

गुरूच्या पलीकडून फिरणारा श्वासमान-वाखमान नावाचा धूमकेतू तर वर्षातून अनेक वेळा भडकतो. तो नेमका केव्हा भडकला हे कळण्यासाठी भडकला नव्हता त्या रात्रींची यादी लागते.

येथे निरीक्षकाची खरी कसोटी असते. अमुक तारखेला चौथी प्रत असेल असे भाकीत वाचून बसलेल्या माणसाला चौथी प्रतच दिसू लागते. म्हणून जाणती मंडळी सांगतात की, दुसऱ्याचा आकडा पाहण्यापूर्वी आपला लिहावा, आणि मागाहून तो सारखा करू नये. २०२४ च्या जुलैत एका नामवंत अभ्यासकाने त्सुचिनशान-ॲटलास या धूमकेतूचे तेज वाढेनासे झाल्यावरून तो लवकरच विखरून नष्ट होणार असे जाहीर केले. पाहणारे मात्र आपले आकडे लिहीत राहिले. २७ सप्टेंबरला धूमकेतू सूर्याजवळून सुखरूप पार झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यास संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला. आपल्याकडेही मोकळ्या माळावरून अनेकांनी त्याची छायाचित्रे घेतली.

ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांनी सुरुवातीस दुर्बीण घेऊ नये. शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, जागा, आकाश कसे होते, तुलनेचे दोन तारे, आपला आकडा. चुकल्यास आकडा खोडून वर गिरवू नये, एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा, जुना वाचता आला पाहिजे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना या कामी मदत करीत आली आहे. ढग असतील तर ‘ढग’ लिहावे. आकाश स्वच्छ असून तारा दिसला नाही तर त्या जागी दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत घेऊन तिच्यापुढे ‘याहून मंद’ अशी खूण करतात. ती नोंद दप्तरी इतर नोंदींबरोबरच जमा होते.